अक्काचा पाय

तीसेक वर्षं मी तंजावरच्या एका पॉलिटेक्निकात हायड्रॉलिक्स शिकवलं आणि त्या सगळ्या काळात एकदाही हाताला तेल लागू दिलं नाही. याचा मला अभिमान होता. पंप, दाब, प्रवाह, सगळं फळ्यावर. माझ्या बाहीला लागायचा तो फक्त खडू. असा मनुष्य निवृत्त झाला की घरच्यांच्या दृष्टीनं आपोआप तज्ज्ञ होतो. मिक्सर बिघडला, विहिरीवरची मोटर बसली, मोपेड सुरू होईना, की "मामांना विचारा." मामा विचार करतात, कारण सांगतात, आणि मग कोणीतरी मेकॅनिक येऊन भलतंच काहीतरी दुरुस्त करून जातो. मामांचं तज्ज्ञपण तरीही तसूभर कमी होत नाही.

अक्काच्या ट्रॅक्टरचा प्रश्न आला तेव्हा निकाल द्यायचा मान म्हणूनच माझ्याकडे आला.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. सत्तरी ओलांडलेली, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ओरत्तनाडूच्या छत्रावरून, म्हणजे राजांच्या वेळच्या धर्मशाळेवरून, पुढे गेलं की कालव्याच्या काठाला तिची नारळीची बाग आहे. भावजी गेल्यापासून ती एकटीच बघते. साडीवर भावजींचा जुना शर्ट चढवायचा, डोक्याला टॉवेल गुंडाळायचा आणि सकाळी सहालाच बागेत. पुढं डावा गुडघा गेला. शेवटच्या रांगेपर्यंत चालवेना. तेव्हा चेन्नईला कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या तिच्या मुलानं, माझ्या भाच्यानं, तिला हा लहानसा ट्रॅक्टर घेऊन दिला. दोन झाडांच्या मधून सहज जातो, आणि मुख्य म्हणजे त्याला क्लच नाही. डाव्या पायाला कामच नाही. उजव्या पायाखाली एकच पायडल: पुढचं टोक दाबलं की गाडी पुढे, टाचेनं मागचं दाबलं की मागे, पाय काढला की उभी. आत गिअरच्या जागी पंप आणि तेल. याला हायड्रोस्टॅटिक म्हणतात. भाच्याला मी हे फोनवर पाऊण तास समजावून सांगितलं. अक्का पाच मिनिटांत चालवायला लागली.

त्या गाडीनं अक्काला तिची बाग परत दिली, इतकंच सांगतो. खत टाकणं, गवत कापणं, उतरवलेले नारळ ट्रेलरमधून शेडपर्यंत आणणं, सगळं ती त्या सीटवर बसून करायची. गाडी गेली तर बाग गेली, हे तिला माहीत होतं. आम्हालाही माहीत होतं. पण आम्हाला त्यात विशेष काही वाटत नव्हतं.

आयुधपूजा झाली आणि पंधरा दिवसांत गाडी थांबेनाशी झाली. धावायची असं नाही. अक्का पाय काढायची, गाडी मंद व्हायची आणि मग मुंगीच्या पावलानं पुढे सरकतच राहायची. पहिल्यांदा तिनं पाण्याच्या सिमेंटच्या टाकीचा कोपरा फोडला. दुसऱ्यांदा नारळ उतरवणारा माणूस झाडाला टेकून विडी ओढत होता, गाडी त्याच्या अंगावर गेली. ब्रेक दाबून अक्कानं ती थांबवली, पण त्यानं उडी मारली ती मारलीच, आणि मग चहाच्या टपरीवर जाऊन असं वर्णन केलं की पापनाशमपर्यंत बातमी गेली असेल. वेगाचा आकडा तर तो दर पेल्याला वाढवत होता म्हणे.

अक्कानं मुलाला फोन केला. मुलानं मला केला. मी तंजावरला माझ्या आरामखुर्चीत बसून, गाडी न बघता, दोन मिनिटांत कारण सांगितलं: पाय. सत्तरीतला पाय. तिला वाटतं आपण उचलला, प्रत्यक्षात तो पायडलवरच असतो.

"मी पाय काढलेवरही ते जातंच अहे रे," अक्का मला फोनवर आमच्या तंजावरी मराठीत म्हणाली. "पायाचा दोष नोहे."

"अक्का, तुला तसं वाटतं," मी म्हणालो. हे वाक्य मी वर्गात मठ्ठ विद्यार्थ्यांसाठी वापरत असे. ते किती नीच वाक्य आहे हे मला आता कळतं.

भाच्याचं मत थोडं वेगळं पडलं. त्याच्या मते बागेतली जमीन उताराची असावी. तंजावर जिल्ह्यात उतार! जिथं कालव्याचं पाणीसुद्धा कुठल्या बाजूला जावं याचा विचार करत उभं राहतं, तिथं याला चेन्नईच्या तिसऱ्या मजल्यावरून उतार दिसला. मुलाचं शिक्षण जिथं झालं तिथल्या फीबद्दल मी आजवर बोललो नाही, आणि आताही बोलत नाही.

मग ज्या विक्रेत्याकडून गाडी घेतली होती, त्याचा मेकॅनिक आला. कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, खिशाला पेन, बुटाला चिखल लागू नये म्हणून बेडकासारख्या उड्या. तो गाडीवर चढला. चालवली. थांबवली. गाडी ठाम उभी राहिली. त्याचा एक पाय सबंध वेळ ब्रेकवर होता हे फक्त अक्कानं पाहिलं आणि तिनं ते त्याला सांगितलंही. तो तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, तुम्ही सांगू नका, मी कंपनीचं ट्रेनिंग घेतलंय." मग त्यानं बाजूनं हात घालून एक बोल्ट फिरवला. या गाड्यांमध्ये पायडलची मधली जागा, म्हणजे न पुढे न मागे अशी जागा, ठरवणारा एक बोल्ट असतो. तो थोडा इकडे फिरवला की गाडी पुढे सरकते, तिकडे फिरवला की मागे. त्यानं अंदाजानं फिरवला, कॉफी प्यायला आणि गेला.

दुसऱ्या दिवसापासून गाडी मागे सरकायला लागली.

आता शहाण्या माणसाला इथं शंका यायला हवी होती. म्हातारीचा पंजा जड झाला असेल तर गाडी पुढे जाईल, मागे कशी जाईल? पण मेकॅनिकनं फोनवरूनच सांगितलं, आता अम्मांची टाच पडते. आधी पंजा, आता टाच. आणि मी, हायड्रॉलिक्सचा निवृत्त अध्यापक, मान डोलावली. टाच. हो, टाचही असू शकते.

एवढ्यानं माझं भागलं नाही. पावसाचे दिवस सुरू झाले होते आणि अक्काच्या लक्षात आलं की पाऊस लागून राहिला की गाडी बरीच शहाणी होते, दोन दिवस ऊन पडलं की पुन्हा सरकते. तिनं मला हे मुद्दाम फोन करून सांगितलं. कुठल्याही बऱ्या मेकॅनिकनं एवढ्या धाग्यावरून गाठ शोधली असती. मी काय केलं? मी सिद्धांत मांडला. दमट हवेत सांधे दुखतात, दुखलं की माणूस पाय चटकन उचलतो, म्हणून पावसात गाडी थांबते. हा सिद्धांत मला इतका आवडला की मी तो शेजारच्या दोघा निवृत्तांनाही ऐकवला. त्यांनाही आवडला. आम्ही तिघांनी मिळून अक्काच्या गुडघ्याबद्दल तास काढला. तिघांपैकी ट्रॅक्टरवर कधी कोणी बसलं नव्हतं.

त्याच दिवशी मी भाच्याला मेसेज पाठवला. इंग्रजीत, नीट मुद्देसूद: यंत्रात दोष दिसत नाही, चालवणाऱ्याच्या पायाची जाण कमी झाली आहे, अपघात व्हायच्या आत गाडी काढून टाकलेली बरी. खाली माझं नाव, पदवीसकट. भाचा अशा कागदाचीच वाट बघत होता असं मला त्याच्या उत्तरावरून वाटलं. पोंगलच्या आधी गाडी विकायची, बाग भाडेपट्ट्यानं द्यायची आणि अम्माला चेन्नईला न्यायचं, असं त्याचं ठरलं. तिथं लिफ्ट आहे म्हणे.

अक्कानं मला फोन करणं बंद केलं.

पोंगलच्या आधीच्या मार्गळी महिन्यातल्या एका शनिवारी भाचा गाडी दाखवायला गिऱ्हाईक घेऊन आला. मलाही बोलावलं होतं. गिऱ्हाईक पट्टुकोट्टैकडचा, कमरेला पांढरी वेष्टी, हातात दोन फोन. विक्रेत्यानं तोच युनिफॉर्मवाला मेकॅनिक पाठवला होता, गाडी ठीक आहे असं सांगायला. म्हणजे चार पुरुष, आणि ओट्यावर कॉफीचे डवरा-टंबळर मांडत असलेली अक्का. मेकॅनिक गिऱ्हाइकाला सांगत होता की यंत्र झकास आहे, फक्त वयस्कर माणसाच्या हाती होतं. भाचा मान हलवत होता. मी खाकरलो आणि पाय या विषयावर दोन शब्द बोलायला सुरुवात केली.

अक्कानं टंबळर खाली ठेवला. शर्टाची बटणं लावली, गाडीपाशी गेली, कडेचा दांडा धरून सीटवर चढली आणि गाडी सुरू केली. पायडल एकदा पुढे दाबलं, एकदा मागे दाबलं आणि सोडलं. मग तिनं साडी सावरली, आधी उजवा पाय वर घेतला, मग त्या दुखऱ्या डाव्याला दोन्ही हातांनी उचलून घेतलं, आणि जेवायला पानावर बसावं तशी सीटवर मांडी घालून बसली. हात मांडीवर.

गाडी मागे सरकायला लागली.

अक्का आमच्याकडे बघत होती आणि गाडी तिला घेऊन हळूहळू नारळांच्या दोन रांगांमधून मागे चालली होती. दहाएक हात गेल्यावर तिनं एक पाय खाली सोडून ब्रेक दाबला. "पाय कुठं अहे ते अस्क्यांनी बघितलं?" तिनं आम्हा सगळ्यांना विचारलं. "की अजून दिसलं नाही?"

गिऱ्हाईक आपल्या एका फोनवर बोलायला लागला. फोन वाजलेला नव्हता. पाच मिनिटांत तो कारमध्ये बसून गेलासुद्धा.

मला लाज वाटली. खरी, अंगावर येणारी. आणि लाज वाटली की मी नेहमी करतो तेच केलं, दुसऱ्यावर खेकसलो. मेकॅनिकला म्हणालो, खाली जाऊन बघ. तो युनिफॉर्मकडे बघून म्हणाला, सार, सर्व्हिस सेंटरला न्यावी लागेल, पंप बदलावा लागेल. पंप! गाडी सरकते म्हणून पंप! माझ्या वर्गात असं उत्तर देणाऱ्याला मी बाकावर उभं केलं असतं. या गाड्यांत सरकण्याचं पहिलं कारण बघायचं ते पायडलपासून पंपापर्यंत जाणाऱ्या दांड्यांत, हे मी किती वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. लिहिलं होतं, एवढंच.

शेवटी आम्ही जॅक लावून मागची चाकं जमिनीवरून उचलली, खाली नारळाचे ओंडके सरकवले. सीटवर माणूस नसेल तर ही गाडी बंद पडते, म्हणून अक्का वर बसली, पुन्हा मांडी घालूनच. चाकं हवेत उलटी फिरत होती. कसं फिरतंय ते एकदा बघून मी तिला गाडी बंद करायला सांगितली, चाकं थांबली, आणि मी सदरा काढला, पोत्यावर आडवा झालो आणि आयुष्यात पहिल्यांदा एका यंत्राच्या खाली गेलो.

खाली काय असतं ते थोडक्यात सांगतो. पायडलच्या दांडीच्या शेवटी एक आडवी पट्टी आहे आणि तिला एक छोटी खाच. एक बोटाएवढं बेअरिंग स्प्रिंगच्या जोरानं त्या खाचेत येऊन बसतं. अगदी तळाला बसलं की पंप तेल ढकलत नाही आणि गाडी उभी राहते. केसभर वर राहिलं तरी पंपाला वाटतं अजून पाय पायडलवर आहे.

बेअरिंग तळाला बसलेलं नव्हतं. खाचेत काहीतरी घट्ट बसलं होतं. मी स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडलं. पिवळट, दगडासारखा झालेला गोळा, आणि त्यात गुंतलेला सुकलेल्या धाग्याचा पेड. आमच्याकडे फुलांचे हार केळीच्या सोपटाच्या धाग्यात ओवतात, तो धागा. ओला झाला की मऊ, वाळला की ताठ. मी तो गोळा नाकाशी नेला.

चंदन होतं.

मी तिथंच पडून राहिलो. वरून भाचा विचारत होता, "मामा, काय सापडलं?" आणि मला खंडेनवमीची सकाळ आठवत होती.

आयुधपूजेला त्या गाडीची पूजा मी केली होती. अक्का वर्षभर ती चालवते, धुते, तिला ग्रीस देते, पण ती विधवा, तेव्हा पूजेच्या दिवशी तिनं ओट्याच्या खांबाशी उभं राहायचं आणि हळदकुंकवाला हात लावायचा नाही. ही आमच्या घरची रीत. कोणाची कोणत्या शतकातली अक्कल तंजावरपर्यंत येऊन टिकली देव जाणे, पण मी ती रीत कधी मोडली नाही, कारण तिच्यामुळे ताम्हण माझ्या हातात येतं. तर त्या दिवशी मी बॉनेटला चंदन लावलं, स्टिअरिंगला लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. एवढ्यावर थांबायचं ना. पण बागेतली माणसं जमली होती, आणि मला शिकवायची खोड. मी म्हणालो, गाडीचा प्राण इंजिनात नसतो, इथं असतो. आणि वाकून, हात आत घालून, चित्रातून मला तोंडपाठ असलेल्या त्या खाचेजवळ अंगठ्यानं चंदनाचा चांगला लपका दाबला. वरून कुंकू. हाराचं एक टोक त्याच दांडीला गुंडाळलं. माणसांनी हात जोडले.

खांबाशी उभी असलेली अक्का तेव्हा म्हणाली होती, "तिथं नोको रे, ते फिरतं."

आणि मी म्हणालो होतो, "अक्का, तू उगे राहा."

हे सगळं मला शब्दन्‌शब्द आठवलं. फुलं गळून गेली, धागा राहिला, चंदन वाळून दगड झालं. पावसात भिजून मऊ व्हायचं, उन्हात पुन्हा घट्ट. एक गुडघा, तीन निवृत्त आणि एक सिद्धांत.

खाच मी नीट साफ केली. मेकॅनिकनं अंदाजानं फिरवलेला बोल्ट परत जागेवर आणला: आधी अक्काला गाडी सुरू करायला सांगून, हात चाकांपासून लांब ठेवत, चाकं पुढे फिरायला लागतात तिथं खडूची खूण, मागे फिरायला लागतात तिथं दुसरी, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये बोल्ट ठेवून नट आवळला. चाकं थांबली. अक्कानं पायडल दाबलं, सोडलं. थांबली. पुन्हा दाबलं, सोडलं. थांबली. गोळा मी मुठीत घेतला आणि बाहेर सरकलो.

"काय होतं, मामा?" भाच्यानं विचारलं.

"कचरा," मी म्हणालो. "बागेतला कचरा अडकला होता."

अक्का सीटवरून वाकली. तिनं माझं मनगट धरलं आणि माझी बोटं नाकाशी नेली. लहानपणी मी चोरून काही खाल्लं की ती असंच करायची.

"कचऱ्याला चंदनाचा वास येतो?" ती म्हणाली.

मूठ उघडावी लागली. भाच्यानं तो गोळा हातात घेतला, धागा ओढून बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि हसायला लागला. पोट धरून हसला. मेकॅनिकही हसला, त्याला तर सुटल्यासारखं झालं होतं. "पोनाल पोगट्टुम, मामा," भाचा माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, जाऊ दे, झालं ते झालं. वर म्हणाला, भक्ती जास्त झाली एवढंच. हसता हसता त्यानं हेही सांगून टाकलं की गाडी काही विकत नाही, अम्मा इथंच राहू दे. मलाही सुटल्यासारखं वाटलं. मीही हसलो.

अक्का हसली नाही. तिनं ओंडके काढायला सांगितले, गाडी खाली घेतली, शेवटच्या रांगेपर्यंत नेली, फिरवली आणि आमच्या पुढ्यात आणून उभी केली. उभी केल्यावर दोन्ही पाय पुन्हा वर घेतले आणि बसून राहिली. गाडी जागची हलली नाही.

अडीच महिने तिच्या पायाची चौकशी चालली होती. मेकॅनिकनं केली, शेजाऱ्यांनी केली, टपरीवर झाली, मी तर लेखी निकाल दिला, आणि त्या निकालावर तिची बाग जायला निघाली होती. माझ्या अंगठ्याचा विषय एका हसण्यात संपला. त्याच्याबद्दल कोणी कोणाला मेसेज पाठवला नाही.